चटईचा काठ

२ जुलै, मंगळवार

मिळालं! मला काम मिळालं! यतीन म्हणतोय, "अगं हळू, शेजारी पोलीस बोलावतील." बोलावू देत. पोलिसांनाही सांगेन.

पुण्याहून इशिताचा फोन होता. ती एका प्रकाशनात संपादक आहे, वयाने चिपळूणच्या शाळेत मी शिकवलेल्या मुलींएवढी असेल. मुलांसाठी छोट्या छोट्या देशांवर पुस्तकांची माला काढतायत आणि त्यातलं पॉलिनेशियाचं पुस्तक मी लिहायचं. टोंगा, सामोआ, तुवालू, नीयुए! वर्गात नकाशावर छडी ठेवून मी ही बेटं दाखवायचे तेव्हा एका कार्ट्याने विचारलं होतं, "बाई, हे देश आहेत की माशी बसून गेलीय?" आता त्या माशीच्या ठिपक्यांवर मी पुस्तक लिहिणार.

अमेरिकेत आल्यापासून नऊ वर्षं मी यतीनची बायको आणि इलाची आई या दोनच हुद्द्यांवर आहे. गेल्या महिन्यात कामाचं परमिट आलं तेव्हा मी त्या कार्डाला हळदकुंकू वाहिलं होतं. इला हसली होती. आता हस म्हणावं. अट एकच आहे. टोंगावरचं पहिलं प्रकरण वीस ऑगस्टच्या आत पाठवायचं. आवडलं तर अख्खं पुस्तक माझं, नाहीतर त्यांच्याकडे दुसरा लेखक तयार आहे. हा दुसरा लेखक मला आत्तापासूनच आवडत नाही.

बाकी विशेष नाही. आपली सगळी मंडळी राहतात त्या फ्रिस्कोतल्या घरांच्या किमती ऐकून आम्ही पंधरवड्यापूर्वी इथे युलेसला आलो, डॅलसच्या विमानतळाला खेटून. मैत्रीण दीपा फ्रिस्कोहून फोनवर म्हणाली, "युलेस? तिथे आपलं कुणी राहतं का यार?" राहतं आता. आज शेजारची बाई कुंपणावरून एक ट्रे देऊन गेली. धिप्पाड, पांढऱ्या केसांची, साठीची असेल. ट्रेमध्ये तळलेले गोड गोळे, थेट आपले गुलगुले. नाव सेला. कुठल्या तुम्ही, असं विचारलं तर म्हणाली, "युलेसच्या." घरात माणसं मोजता येत नाहीत इतकी. मेक्सिकन असावेत.

६ जुलै, शनिवार

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं तर आईने मला चालता येण्याआधी शिकवलं. मी ट्रेभर चकल्या दिल्या. तासाभरात ट्रे परत, त्यात कापलेलं कलिंगड आणि दोन अननस. मी कोथिंबीरवड्या केल्या. संध्याकाळी कुंपणावरून केळ्यांचा अख्खा घड आला. आज मी परातभर बेसनाचे लाडू वळले, हात भरून आलेत.

यतीन म्हणाला, "सुमेधा, हे थांबव. कुणीतरी थांबवायलाच हवं ना?"

मग तिने थांबवावं. ती हरायला तयार नाही आणि मीही गुहागरची आहे.

११ जुलै, गुरुवार

प्रकरण झालं! तीन दिवस खुर्चीतून उठले नाही. 'टोंगा हे दक्षिण पॅसिफिकमधील राज्य सुमारे पावणेदोनशे बेटांचे असून त्यांपैकी बहुतेक निर्मनुष्य आहेत. लोकसंख्या सुमारे एक लाख. भोपळा, व्हॅनिला, मासे व कंदमुळे ही प्रमुख निर्यात. चटया विणणे हा स्त्रियांचा कुटिरोद्योग आहे. अर्थव्यवस्था मुख्यत्वे परदेशातून येणाऱ्या पैशांवर अवलंबून असल्याने देश परावलंबी आहे.' वाचताना मलाच माझा अभिमान वाटला. एक लाख म्हणजे आमच्या चिपळूण तालुक्यातसुद्धा याहून जास्त माणसं. हेही वाक्य घातलंय. लगेच इशिताला पाठवून दिलं.

दुपारी सेलाने पानात बांधलेल्या पुरचुंड्या पाठवल्या. "मांस नाही घातलं, तुझ्या मुलीने सांगितलं," असं म्हणाली. (ती बोलते इंग्रजीत, मी माझ्या वहीत मराठीतच लिहिणार.) सोडून बघते तर अळू! नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू! मी उभ्याउभ्याच चार पुरचुंड्या खाल्ल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. मेक्सिकन लोक अळू खातात हे मला माहीतच नव्हतं. कधीतरी वाचायला हवं त्यावर.

१४ जुलै, रविवार

टोंगाच्या समुद्री हद्दीची माहिती वाचत खिडकीशी बसले होते. शेजारचे सगळे चर्चला निघाले. या उकाड्यात पुरुषांनी लुंग्या नेसल्या होत्या आणि त्यावर कमरेला चक्क चटया गुंडाळून दोरीने बांधल्या होत्या. विमानतळावर सामान उचलायची कामं करतात, कंबर धरत असेल. पण चटईने काय होणार? आपल्याकडचा कमरपट्टा सुचवावा का?

यतीनचं काहीतरी बिनसलंय. शुक्रवारी 'चालून येतो' म्हणून गेला तो जेवायच्या वेळी उगवला, चेहरा एकदम साधूसारखा. जीभ जड झालीय म्हणाला. डेंटिस्टकडे गेला होता म्हणे. शुक्रवारी संध्याकाळी कुठला डेंटिस्ट?

१६ जुलै, मंगळवार

इशिताने प्रकरण परत पाठवलं. "मॅडम, माहिती अगदी बरोबर आहे. पण यात माणसं कुठे आहेत? मुलं ही माहिती फोनवर बघू शकतात." वर लिहिलंय की वीस तारीख तीच राहील.

वीस वर्षांच्या अनुभवाला हे ऐकून घ्यावं लागतंय. माणसं कुठे आहेत! एक लाख आहेत असं लिहिलंय की पहिल्याच परिच्छेदात.

पण रडत बसणाऱ्यातली मी नाही. टोंगाचा माणूस हवा ना? शोधते. हवाईच्या विद्यापीठात एका प्राध्यापकाला ईमेल केली, न्यूझीलंडमधल्या एका संस्थेला केली, ऑस्ट्रेलियात यतीनच्या मावसभावाला विचारलं. इतक्या लांबून तरी कुणीतरी उत्तर देईलच.

१८ जुलै, गुरुवार

जेवताना मी म्हटलं, प्राध्यापकाचं उत्तर नाही आलं तर विमानाचं तिकीट काढून हवाईला जावं लागेल. इलाने काट्याने बटाटा उचलला आणि म्हणाली, "मॉम. आँटी सेला इज टाँगन."

मी म्हटलं, "काय?"

"एव्हरीबडी नोज. हाफ द फुटबॉल टीम इज टाँगन. लोसा माझ्याच वर्गात असणार आहे ना, आँटी सेलाची ग्रँडडॉटर. मी तुला सांगितलं होतं, यू वर रायटिंग."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो सुद्धा हवाईपर्यंत! यतीन इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला माहीत होतं! म्हणे, "मला वाटलं तुलाही माहीत असेल, तू भूगोलाची बाई." विमानतळावर कामाला म्हणून काही टोंगन माणसं इथे आली, मागून भाऊ आले, चुलते आले, आता युलेसमध्ये हजारो आहेत. इंटरनेटवर पहिल्याच पानावर होतं.

रागावायचं राहूनच गेलं, इतका आनंद झालाय. कुंपणापलीकडे! माझा अख्खा देश कुंपणापलीकडे राहतो!

२० जुलै, शनिवार

सकाळी लाडवांचा डबा घेऊन गेले आणि दुपारी परतले. सेला विमानांसाठी जेवणं तयार होतात त्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा गेला. धाकटा मुलगा तेविता विमानात सामान चढवतो, त्याचं दहा ऑगस्टला लग्न आहे. ती हापाईची, म्हणजे टोंगाच्या मधल्या बेटांवरची. अगदी सखल बेट. ती म्हणाली, अंगणात उभं राहिलं की एका कानाला आतल्या खाडीचं पाणी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाला खडकावर फुटणाऱ्या लाटा. आईला फोन करते तेव्हा इथे रविवार आणि तिथे सोमवार उजाडलेला. "माझी आई उद्यात राहते," असं म्हणाली. रविवारी तिथे दुकानं बंद, विमानंसुद्धा उडत नाहीत.

मग मी मुद्द्याला हात घातला. विचारलं, "टोंगाची मुख्य निर्यात कोणती?" भोपळा हे उत्तर मला माहीत होतं, नुसती खात्री करून घ्यायची होती.

सेला कांदा चिरता चिरता हसली. "आम्ही," ती म्हणाली. "आम्ही माणसं पाठवतो, सु."

मोठी गमतीची बाई आहे. पण हे पुस्तकात कसं घालणार? मी भोपळाच ठेवला. घरी आले तर यतीन गुहागरच्या घराच्या कौलांचे पैसे पाठवत बसला होता, त्यामुळे त्याला हा विनोद सांगायचा राहिला.

२७ जुलै, शनिवार

आज मी पराक्रम केला. सेलाच्या गॅरेजमध्ये माणूस मावेल एवढी निळी पिंपं आहेत. त्यात पीठ, साबण, डबाबंद मांस, मुलांचे बूट, छत्र्या भरायच्या, मग ती कंटेनरमधून बोटीने टोंगाला जातात. सेला आणि तिच्या सुना नुसतं कोंबत होत्या. मला बघवेना. भारतात जायच्या बॅगा भरण्यात आमचा हात कुणी धरणार नाही! बुटांत साबण, पातेल्यात पीठ, छत्र्या कडेने उभ्या. त्यांचं जे चार पिंपांत बसेना ते मी तीन पिंपांत बसवलं. तेविताने टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, तिकडून काय येतं? सेला म्हणाली, "चटया. झाडाच्या सालीचं कापड. तीच आमची संपत्ती, बायकांची." मला जरा वाईट वाटलं. एवढी पिंपं पाठवायची आणि बदल्यात चटया. परावलंबी हा शब्द काढून 'कष्टाळू' असा घातला आहे.

यतीन काल संध्याकाळी पुन्हा गायब होता. जीभ पुन्हा जड. आता त्या डेंटिस्टलाच फोन करणार आहे.

३० जुलै, मंगळवार

लग्नासाठी सेलाकडे युटाहून, कॅलिफोर्नियाहून पाहुणे यायला लागले आहेत, जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. त्यातच एसीचं पाणी कपाटात गळतंय. म्हणून तिने एक गाठोडं माझ्याकडे ठेवायला दिलं. "हे तुझ्या घरी नीट राहील. जप त्याला," असं म्हणाली. पाहुण्यांच्या गर्दीत विश्वासाने माझ्याकडे दिलं, मला फार बरं वाटलं.

वास आला म्हणून गाठोडं सोडलं. आत एक चटई. पान ओळखीचं वाटलं, वास घेतला, तर केवडा! आमच्या बंधाऱ्यावरच्या केवड्याचीच जात. पण काय तिची दशा! तपकिरी पडलेली, खोबरेल तेलाने माखलेली, चारी बाजूंनी पात्या सुटून झिरमिळ्या झालेल्या. तेविताने लग्नात नेसायची म्हणे ही. अगं बाई, लग्नात! एवढ्या पिंपांचा खर्च करून मुलासाठी एक नवी चटई घ्यायला पैसे उरले नसतील. मी विचारणार नाही, ओशाळेल बिचारी.

गाठोडं परत करायचं म्हणजे नुसतं कसं करणार?

२ ऑगस्ट, शुक्रवार

बोटं सोलली आहेत पण काम असं झालंय की आई असती तर पाठ थोपटली असती.

आधी चटईला ऊन दाखवलं. मग लोंबणाऱ्या पात्या कात्रीने सारख्या करून घेतल्या. मग काठ लावायला कापड शोधलं, पण इथल्या दुकानातलं सगळं प्लास्टिकसारखं. शेवटी ट्रंक उघडली. आईचं इरकली लुगडं होतं, हिरवं, लाल रुईफुली काठाचं. ती गेली तेव्हा व्हिसाच्या घोळात मला जाता आलं नव्हतं, भावाने कुरिअरने हे एवढं पाठवलं होतं. चार वर्षं घडी मोडली नव्हती. आज मोडली. काठ कापला, दाभणाने चारी बाजूंनी गोधडीच्या टाक्याने लावला. आईकडूनच शिकलेला टाका. लुगडं ट्रंकेत पडून काय उपयोग? लग्नाला तरी जाईल.

इला दारात उभी राहून बघत होती. "मॉम, डज आँटी सेला नो?"

मी म्हटलं, "सरप्राइज आहे."

३ ऑगस्ट, शनिवार

देऊन आले! सेलाने गाठोडं सोडलं. मग चटईवरून हात फिरवला, काठाशी बोट थांबलं. "तू शिवलंस?"

"तीन दिवस बसून," मी म्हणाले.

ती "थँक यू, सु" म्हणाली आणि गाठोडं घेऊन आत गेली. भारावली बिचारी. पाणी आलं होतं डोळ्यांत.

७ ऑगस्ट, बुधवार

चार दिवसांत ट्रे आला नाही. मी शंकरपाळे पाठवले, तेविताने घेतले, पण ट्रे आला नाही. लग्नाची गडबड असणार. प्रकरणावरही काम होत नाहीये. माणसं घालायचा प्रयत्न करते, पण ती मतदारयादीतल्यासारखी दिसतात.

संध्याकाळी

इला शाळेच्या बँडच्या सरावावरून आली आणि दप्तर न ठेवता माझ्यासमोर बसली. लोसाने तिला सांगितलं. ती चटई सेलाच्या नवऱ्याच्या पणजीने विणलेली. त्या घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत कुणीतरी नेसलेली. चटई जितकी जुनी, जितकी झिजलेली, तितकी मोठी. नवी चटई कुणालाही मिळते. त्या झिरमिळ्या म्हणजेच तिचं वय होतं.

आणि मी ते कात्रीने सारखं केलं.

"मॉम, इट्स ओके," इला म्हणाली. तिने कधी नव्हे तो माझा हात धरला, म्हणजे किती वाईट झालंय ते मला कळलं. लोसाने आणखीही सांगितलंय. उद्या सॉल्ट लेक सिटीहून तेविताची आत्या येतेय. टोंगन घरात आत्याचा मान सगळ्यांच्या वर, सख्खा भाऊही तिच्यापुढे मान खाली घालतो. चटई तिच्या माहेरची. सेला चार दिवस झोपलेली नाही.

आपल्याकडची नणंद पुरवली म्हणायची! मला रडू आवरत नाहीये. पुस्तक गेलं खड्ड्यात. माझ्यामुळे त्या बाईला ऐन लग्नात नणंदेपुढे उभं राहायला लागणार.

९ ऑगस्ट, शुक्रवार

गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी खाऊ न घेता गेले. एका हातात काठ उसवायला कात्री, दुसऱ्या हातात श्रीखंडाचा जुना डबा.

आत्याबाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. किडकिडीत, जाड चष्मा, पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. मांडीवर चटई. सेला खाली जमिनीवर बसलेली. मी पण खालीच बसले आणि म्हटलं, "चूक माझी आहे. सेलाला माहीत नव्हतं. तिला बोलू नका, मला बोला."

आत्याबाईंनी विचारलं, "कापलंस ते कुठे टाकलंस?"

टाकतेय मी! आमच्या घरात दुधाच्या पिशवीचा कोपराही टाकत नाहीत. मी डबा उघडला. सगळ्या पात्या, अगदी बोटाच्या पेराएवढ्यासुद्धा, आत नीट ठेवलेल्या. पुढेमागे कशाला तरी उपयोगी पडतील म्हणून ठेवल्या होत्या. आत्याबाईंनी डब्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

मग त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. "हे काय आहे?"

"माझ्या आईच्या लुगड्याचा काठ."

"आई कुठे असते?"

"नाही आता."

"तिचं कापड कापलंस? यासाठी?"

मी मान हलवली. आत्याबाई त्यांच्या भाषेत सेलाला काहीतरी म्हणाल्या आणि सेला हमसून हमसून रडायला लागली. मला वाटलं, संपलं.

"नाव काय होतं तिचं?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"आई," मी म्हटलं.

"नाव."

घरात ती आई, गावात बाळूची आई, शेवटी शेवटी आजी. तिचं नाव मी मोठ्याने कधी उच्चारलं होतं ते आठवेना. "रत्ना," मी म्हणाले.

"लातना," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या भाषेत र नाही. मग हुकूम सोडला. खालची बाजू उसव, ती मोकळी लोंबली पाहिजे. बाकी तीन बाजू राहू देत. डब्यातल्या पात्या वळून कमरेच्या दोरीत गुंफायच्या. मी, सेला आणि तिच्या सुना, पाचजणी मिळून बसलो. अंधार पडेपर्यंत सेला माझ्याशी बोलली नाही, पण दाभण मागताना तिने माझा गुडघा दाबला.

१० ऑगस्ट, शनिवार

काय लिहू आणि कुठून लिहू! पाय नाचून सुजलेत.

चर्चच्या हॉलमध्ये पाचशे माणसं. भिंतीएवढी सालीची कापडं अंथरलेली, चटयांचे ढीग, इकडच्यांनी तिकडच्यांना द्यायचे. लग्नातला आहेर ओळखायला मला पुस्तक कशाला हवं? कुणी काय आणलं हे बायका कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या ते तर थेट आमच्या गुहागरासारखंच. यतीन दारातून आत आला आणि गॅरेजवाले सगळे पुरुष ओरडले, "याती!" दर शुक्रवारी हा तेविताच्या गॅरेजमध्ये बसून कावा पीत होता! कुठल्याशा मुळ्यांची पूड पाण्यात कालवतात, चिखलासारखी दिसते, जीभ बधिर होते. हाच तो डेंटिस्ट. नंतर बघते त्याच्याकडे.

मग तेविता आला. पांढरा शर्ट, आणि कमरेला ती चटई. तीन बाजूंनी लाल रुईफुली, खाली झिरमिळ्या मोकळ्या. एक म्हातारे गृहस्थ उठले. लोसा इलाला सांगत होती आणि इला माझ्या कानात. चटईची हकिगत सांगायची असते, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, ही चटई अमक्या बेटावर अमकीने विणली. वादळात ती छपराला बांधून ठेवली होती. ती नेसून अमक्याचं लग्न झालं, अमक्याला निरोप दिला. ती विमानात बसून युटाला आली, तिथून टेक्ससला. नावामागून नाव. प्रत्येक नावाला लोक हुंकार देत होते.

"अँड द एज," इला थांबली. तिचा आवाज बदलला. "आई, ते म्हणतायत, हा काठ लातनाचा. समुद्राकाठच्या गुहागरच्या. तिच्या मुलीने लावला."

पाचशे माणसांनी हुंकार दिला.

मी आईच्या दहाव्याला नव्हते, तेराव्याला नव्हते. मला लोकांसमोर रडायला लाज वाटते पण आज नाही वाटली. इला मला 'आई' म्हणाली हेही मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

प्रकरण पाठवलं. जुनं सगळं फाडलं आणि चटईपासून सुरुवात केली. मग हापाईचे दोन समुद्र, उद्यात राहणारी सेलाची आई, निळी पिंपं. मुख्य निर्यात: माणसं. हे लिहिताना मला एकदम खुर्चीतून उठावं लागलं. यतीनच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तो गावी फोनवर बोलत होता, कौलं पोचली का म्हणून. परत आले आणि ते वाक्य तसंच ठेवलं. भोपळा दुसऱ्या नंबरवर गेला.

पाठवून झाल्यावर सगळे तळ्यावर गेलो, सेलाकडचेही. समुद्र नाही तर नाही, नारळ तर वाहायचा. मी पूजा करून नारळ पाण्यात सोडला आणि सेला किंचाळली, "चांगला नारळ आहे तो!" तेविताने बुटांसकट उडी मारली आणि काढून आणला. मी म्हटलं, अरे, तो समुद्राला द्यायचा असतो. सेला म्हणाली, समुद्राकडे आमच्याकडचे पुष्कळ आहेत. शेवटी अर्धा वाहिला, अर्धा खाल्ला.

घरी आले तर इशिताची ईमेल. पुण्यात सकाळ झाली असणार. "मॅडम, रात्री एका दमात वाचलं. पुस्तक तुमचंच. फक्त एक शंका. टोंगाच्या चटईवर गुहागरचा काठ, रत्ना नावाच्या बाई, हे मुलांना गोंधळात टाकेल का? तेवढं कापून सारखं करून घेऊ या?"

मी एका ओळीत उत्तर दिलं. खालची बाजू हवी तर उसवा, पण तो काठ राहू दे.

तिचं उत्तर लगेच आलं. "राहू दे. नाव रत्नाच ना? छापताना चूक नको."

आईचं नाव आजवर रेशनकार्डावर आणि मतदारयादीत सोडून कुठेच छापलेलं नव्हतं. मी इलाला हाक मारली आणि तिच्याकडून अक्षर अक्षर टाइप करून घेतलं.